पीट-अरण्यांतील पाण्याचा निचरा आणि हरितगृह वायू

जमिनीतील जादा पाण्याचा निचरा करणे हे सामान्यतः भूमिसुधारणेचे काम मानले जाते. आपल्या कालव्यांच्या लाभक्षेत्रात पाणथळ व खारवट झालेल्या जमिनी चर काढून पुन्हा लागवडीखाली आणण्याचे प्रयत्न झाले आहेत व त्यांचा लाभ शेतकऱ्यांना मिळाला आहे. परंतु जगात जमिनीचा असाही एक प्रकार आहे की, तिच्यातील पाणी काढून घेतले म्हणजे ती सुधारत नाही, तर हळूहळू नाहीशी होते आणि नाहीशी होताना हवेत कार्बनची भर घालते. ही जमीन म्हणजे पीटभूमी होय. तिच्यावरील अरण्यात चर किती खोल खणावा, हा वरकरणी स्थापत्याचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात त्या चराच्या खोलीबरोबरच त्या प्रदेशातून किती हरितगृह वायू बाहेर पडणार, याचाही निर्णय होऊन जातो. इंडोनेशिया व फिनलंड या दोन देशांच्या अनुभवातून ही गोष्ट स्पष्टपणे समजते.

पीट म्हणजे काय?

जेथे जमीन बाराही महिने पाण्याने तुडुंब असते, तेथे गळालेली पाने, फांद्या व मुळे पूर्णपणे कुजत नाहीत. कुजण्याचे काम सूक्ष्म जंतू करतात आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. पाण्याखाली तो पुरेसा पोहोचत नाही. विहिरीच्या तळाशी बसविलेले लाकूड वर्षानुवर्षे टिकते, पण तेच लाकूड उघड्यावर आलटून पालटून भिजत व वाळत राहिले की थोड्याच काळात कुजून जाते, हा आपल्या खेड्यांतील नेहमीचा अनुभव आहे. पीटभूमीचे रहस्य याच अनुभवात आहे. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर एकावर एक साचत जातात आणि हजारो वर्षांत त्यांची जाडी काही मीटर होते. उष्ण प्रदेशात काही ठिकाणी ती १० मीटरांहूनही अधिक आढळते.

जगाच्या भूभागापैकी अवघा ३ ते ४ टक्के भाग पीटभूमीने व्यापलेला आहे. तथापि जगातील सर्व अरण्यांच्या झाडाझुडपांत मिळून जेवढा कार्बन आहे, त्याहून अधिक कार्बन या अल्पशा जमिनीत साठलेला आहे. त्यामुळे पीट-अरण्यात जमिनीवरची झाडे हा संपत्तीचा लहान भाग आणि पायाखालची जमीन हा मोठा भाग असतो. वनसंपत्तीचा हिशेब केवळ उभ्या झाडांवरून करण्याची सवय असलेल्यांनी ही बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे.

चर खणल्यावर काय घडते?

चर खणला की भूजलाची पातळी खाली जाते. वरचा थर मोकळा होतो, त्यात हवा शिरते आणि हजारो वर्षे थांबलेली कुजण्याची क्रिया पुन्हा सुरू होते. पीटमधील कार्बन कार्बन डाय-ऑक्साइडच्या रूपाने हवेत जातो. पाण्याचा आधार गेल्यामुळे आणि पदार्थच नष्ट होत असल्यामुळे जमीन खचते. सुमात्रा बेटावरील निचरा केलेल्या मळ्यांत झालेल्या मोजणीत पहिल्या पाच वर्षांत जमीन सुमारे १.४ मीटरने आणि त्यानंतर दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटरने खचल्याचे दिसून आले. जमीन खचली की चर उथळ होतो. तो पुन्हा खोल करावा लागतो व जमीन आणखी खचते. समुद्रसपाटीजवळच्या प्रदेशात या चक्राचा शेवट असा होतो की, एक दिवस पाणी वाहून नेण्यास उतारच उरत नाही आणि जमीन पुराच्या स्वाधीन होते.

पीट वाळले की दुसरा धोका उभा राहतो, तो आगीचा. ओले पीट पेटत नाही, सुके पीट मात्र जळणच असते. ही आग ज्वाळा न दाखविता जमिनीखाली धुमसत राहते, मुळे जाळून झाडे उलथून पाडते आणि दमदार पाऊस पडेपर्यंत सहसा विझत नाही.

मध्य कालीमंतानचा धडा

बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातील भागास कालीमंतान म्हणतात. त्यातील मध्य कालीमंतान प्रांतात सेबांगाऊ, काहायान, कापुआस व बारितो या नद्यांच्या दरम्यान पीट-अरण्यांचा विस्तीर्ण प्रदेश आहे. दोन नद्यांच्या मध्ये पीटचा घुमटासारखा उंचवटा तयार होतो. नदीकाठी थर पातळ आणि घुमटाच्या मध्यभागी जाड असतो. हा घुमट पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि कोरड्या महिन्यांत ते सावकाश सोडतो.

या प्रदेशातील लोक चर खणतच नव्हते असे नाही. बंजर शेतकरी नदीला काटकोनात 'हांदिल' नावाचे लहान कालवे हातांनी खणीत आणि भरती-ओहोटीच्या साह्याने भातशेती करीत. परंतु हे कालवे नदीपासून काही किलोमीटर अंतरापर्यंतच, म्हणजे पीटचा थर पातळ असलेल्या भागातच असत. घुमटाच्या मध्यभागी जाऊन जमीन कसण्याचा प्रयत्न ते करीत नसत.

इंडोनेशिया १९८४ साली तांदळाच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला होता. पुढे ही स्वयंपूर्णता टिकली नाही. तेव्हा राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी डिसेंबर १९९५ मध्ये मध्य कालीमंतानात सुमारे १० लाख हेक्टर पीटभूमीचे भातखाचरांत रूपांतर करण्याची योजना जाहीर केली. १९९६ पासून यंत्रांनी कालवे खणण्यास प्रारंभ झाला आणि अल्पावधीत ४,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचे कालवे तयार झाले. मुख्य कालवे पीटच्या घुमटांना आरपार छेदून गेले. तीन मीटरांहून अधिक जाडीचे पीट असलेली जमीन संरक्षित राहावी, असा त्याच शासनाचा १९९० चा आदेश होता. योजना आखताना तो बाजूला पडला.

भात मात्र पिकले नाही. पीट आम्लधर्मी असते, त्यात पोषकद्रव्ये अत्यल्प असतात. शिवाय काही ठिकाणी त्याखालच्या मातीतील गंधकयुक्त खनिजाला हवा लागून तीव्र आम्ल तयार झाले. जावासारख्या दाट वस्तीच्या बेटांवरून आणून वसविलेल्या हजारो कुटुंबांपैकी अनेकांना ती जमीन सोडावी लागली. सुहार्तो मे १९९८ मध्ये सत्तेवरून दूर झाले आणि १९९९ मध्ये त्यांच्यानंतरच्या शासनाने योजना अधिकृतरीत्या संपुष्टात आणली. कालवे मात्र जागच्या जागी राहिले आणि रात्रंदिवस पाणी वाहून नेत राहिले.

दरम्यान १९९७ साली एल निनोमुळे तीव्र अवर्षण पडले. जमीन साफ करण्यासाठी लावलेल्या आगी सुकलेल्या पीटमध्ये शिरल्या. योजनाक्षेत्र व त्याच्या आसपासच्या सुमारे २५ लाख हेक्टर प्रदेशाचा उपग्रहचित्रांच्या व प्रत्यक्ष मोजणीच्या आधारे अभ्यास करण्यात आला. त्यात सुमारे ७ लाख ९० हजार हेक्टर क्षेत्र जळाल्याचे, त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पीटभूमीचा असल्याचे आणि पीटचा सरासरी अर्धा मीटर थर नष्ट झाल्याचे आढळले. या एका प्रदेशातून १९ ते २३ कोटी टन कार्बन हवेत गेला. याच आधारावर त्या वर्षी साऱ्या इंडोनेशियातील पीट व वनस्पती जळून ८१ ते २५७ कोटी टन कार्बन बाहेर पडला असावा, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरात कोळसा, तेल व वायू जाळून एका वर्षात हवेत जाणाऱ्या कार्बनच्या तुलनेत हे प्रमाण १३ ते ४० टक्के होते.

आग नसतानाचा हिशेब

आगीचे दृश्य भयंकर असल्यामुळे तिच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. आग नसतानाही निचरा केलेले अरण्य कार्बन गमावीत असते, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती मोजून पाहावी लागते. पालांग्का राया या प्रांतिक राजधानीजवळ जपानी व इंडोनेशियन शास्त्रज्ञांनी २००४ ते २००८ या काळात अशी मोजणी केली. झाडांच्या शेंड्यांहून उंच मनोरे उभारून अरण्य व हवा यांच्यात होणारी कार्बन डाय-ऑक्साइडची देवघेव अखंड नोंदण्यात आली. यासाठी तीन जागा निवडल्या होत्या: निचरा न केलेले अरण्य, निचरा केलेले अरण्य आणि निचऱ्यानंतर जळून गेलेली जमीन.

दरवर्षी दर हेक्टरी सरासरी निव्वळ कार्बनहानी पहिल्या जागी सुमारे १.७ टन, दुसऱ्या जागी ३.३ टन आणि तिसऱ्या जागी ५ टन भरली. निचरा न केलेल्या अरण्याचीही काहीशी हानी झाली. त्या काळातील कोरडे महिने व वणव्यांचा धूर यांचा परिणाम त्याच्यावरही झाला होता. तथापि पहिल्या दोन आकड्यांतील फरक बोलका आहे. दुसऱ्या जागेवर झाडे उभी होती, हिरवी होती, प्रकाशसंश्लेषण करीत होती. तरीही झाडे जेवढा कार्बन शोषून घेत, त्याहून अधिक कार्बन जमीन सोडीत होती. भूजल जितके खोल, तितकी हानी अधिक, हेही या नोंदींतून दिसून आले. म्हणून पीटभूमीवर झाडे उभी आहेत एवढ्यावरून अरण्य सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. चरातील पाणी किती खाली आहे, तेही पाहावे लागते.

मग चर बुजवून टाकावेत काय?

येथे एक शंका उपस्थित होते. पाण्याने भरलेल्या जमिनीत प्राणवायूविना जगणारे जंतू मिथेन वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार करता मिथेनची तापविण्याची शक्ती तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७ पट असते. तेव्हा जमीन पुन्हा ओली केल्याने एक वायू कमी करून दुसरा वाढविल्यासारखे होणार नाही काय?

शंका रास्त आहे. तिचे उत्तर पाण्याच्या नेमक्या पातळीत सापडते. भूजल पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटर वा अधिक खाली असते, तेव्हा खालच्या थरात तयार झालेला मिथेन वर येताना हवेशीर थरातील जंतूंकडून बहुतांशी वापरला जातो. पाणी अगदी पृष्ठभागाशी आले किंवा जमिनीवर साचून राहिले की मिथेन झपाट्याने वाढतो. शेतीखालील पीटभूमींसंबंधी २०२१ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, खोल गेलेली भूजलपातळी प्रत्येकी १० सेंटिमीटरने वर आणल्यास दर हेक्टरी दरवर्षी किमान ३ टन कार्बन डाय-ऑक्साइडइतका तापकारक परिणाम टळतो. पातळी ३० सेंटिमीटरपर्यंत येईतो हा लाभ याच प्रमाणात मिळतो व सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत काही लाभ होतच राहतो.

दोन्ही वायूंचा हवेतील मुक्कामही सारखा नाही. मिथेन साधारण बारा वर्षांत नाहीसा होतो. त्यामुळे त्याचे उत्सर्जन स्थिर राहिले तर हवेतील त्याचा साठाही काही काळाने स्थिरावतो. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र शतकानुशतके राहतो आणि त्याची बेरीज वाढतच जाते. म्हणून काही मिथेन पत्करूनही पीट ओले ठेवणेच दीर्घकाळात हितावह ठरते.

इंडोनेशियाने २०१४ च्या नियमावलीत पीटमधील पाणी पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली गेल्यास ती भूमी बिघडली असे मानावे, अशी मर्यादा घातली. या पातळीला कुजणे पूर्ण थांबत नाही, केवळ त्याचा वेग कमी होतो. तरीही निचऱ्याला मोजता येणारी मर्यादा घातली गेली, हे त्या नियमाचे महत्त्व आहे.

शीत प्रदेशातील अनुभव

उष्ण कटिबंधातील उदाहरण टोकाचे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून वनव्यवस्थापनात प्रगत समजल्या जाणाऱ्या फिनलंडकडे पाहणे उपयुक्त ठरेल. त्या देशाचा सुमारे एक तृतीयांश भूभाग मुळात पीटभूमीचा आहे. लाकडाचे उत्पादन वाढविण्यासाठी, विशेषतः १९६० ते १९८० या दोन दशकांत, तेथे मोठ्या प्रमाणावर चर खणण्यात आले आणि ४५ लाख हेक्टरांहून अधिक पीटभूमी वनशेतीसाठी कोरडी करण्यात आली. पाइन व स्प्रूस ही झाडे जोमाने वाढली. देशातील उभ्या लाकूडसाठ्याचा सुमारे चौथा भाग आज पीटभूमीवर आहे. या अर्थाने ही योजना सफल झाली.

परंतु जमिनीच्या हिशेबात सर्वत्र सारखेपणा आढळला नाही. जेथे पीट निकृष्ट, म्हणजे पोषकद्रव्यांनी दरिद्री आहे, तेथे कुजण्याचा वेग मंद असतो व झाडांची वाढ बरीच तूट भरून काढते. जेथे पीट सकस आहे, तेथे कुजणे वेगाने होते आणि कार्बन डाय-ऑक्साइडबरोबर नायट्रस ऑक्साइडही बाहेर पडतो. हा वायू कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापकारक आहे. २०३५ पर्यंत कार्बनचा जमाखर्च समतोल करण्याचे ध्येय फिनलंडने कायद्याने स्वीकारले आहे. मात्र वने व जमीन यांचा एकत्रित हिशेब २०२१ साली प्रथमच निव्वळ उत्सर्जनाकडे झुकल्याचे तेथील नैसर्गिक साधनसंपत्ती संस्थेने जाहीर केले. वाढलेली तोड, झाडांची मंदावलेली वाढ आणि निचरा केलेल्या पीटमधून होणारे उत्सर्जन ही त्याची प्रमुख कारणे होत.

यावर तेथे एक मार्ग अवलंबिला जात आहे. झाडे स्वतःच पाणी खेचून पानांवाटे हवेत सोडतात, म्हणजे प्रत्येक झाड हे निचऱ्याचे एक साधन असते. सर्व झाडे एकदम तोडली की हे काम थांबते, पाणी वर येते, नव्या रोपांसाठी चर पुन्हा खोल करावे लागतात आणि गाळ व पोषकद्रव्ये ओढ्यांत वाहून जातात. त्याऐवजी मोजकीच झाडे टप्प्याटप्प्याने तोडून अरण्याचे आच्छादन कायम ठेवले, तर उरलेली झाडे पाणी मध्यम पातळीवर राखतात आणि चर उकरण्याची गरज कमी होते. पाणी फार खाली जात नाही, म्हणून कुजणे आटोक्यात राहते. फार वरही येत नाही, म्हणून मिथेनही मर्यादेत राहतो. येथे कुऱ्हाडीचा वापर हाच जलव्यवस्थापनाचा भाग बनला आहे.

बंधारे आणि माणसे

कालीमंतानमध्ये प्रश्न अधिक बिकट आहे. कारण तेथील घुमटच कापले गेले आहेत. २०१५ च्या एल निनो वर्षी, ज्या वर्षी आपल्या मराठवाड्यातही दुष्काळ पडला होता, इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र आगीत सापडले. पालांग्का राया येथे धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जागतिक बँकेने या आपत्तीतील आर्थिक हानी सुमारे १,६०० कोटी डॉलर असल्याचा अंदाज केला. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये तेथील शासनाने पीटभूमीच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. जमीन पुन्हा ओली करणे, तिच्यावर स्थानिक झाडे लावणे आणि लोकांना पर्यायी उपजीविका देणे, ही तिची तीन कामे ठरविण्यात आली.

जमीन ओली करण्याचा उपाय म्हणजे कालव्यांत बंधारे घालणे. लाकडाचे खांब दोन रांगांत ठोकून मध्ये मातीची किंवा पीटची पोती भरली जातात. रचना आपल्याकडील कच्च्या बंधाऱ्यासारखी सोपी दिसते, पण पीट सच्छिद्र असल्यामुळे पाणी बाजूने वाट काढते. एकाच मोठ्या बंधाऱ्याने भागत नाही. उतारावर थोड्या थोड्या अंतराने अनेक बंधारे घालून पाणी पायरीपायरीने अडवावे लागते.

त्याहून मोठी अडचण माणसांची आहे. पंचवीस-तीस वर्षांत हेच कालवे लोकांचे रस्ते झाले. त्यांतून होड्या जातात, मासे धरले जातात, रबर व लाकूड बाजारात नेले जाते. बंधारा म्हणजे अडविलेला रस्ता, अशी ग्रामस्थांची भावना झाली तर तो फार दिवस टिकत नाही. होडीसाठी मध्ये खाच ठेवणे, बंधाऱ्याची जागा गावाशी बोलून ठरविणे आणि देखभालीचे काम गावालाच देणे, या गोष्टी म्हणूनच आवश्यक ठरतात. आगीवरील बंदी कडक झाल्यानंतर ज्या लहान शेतकऱ्यांची भातशेती राब जाळण्यावर अवलंबून होती, त्यांच्यापुढे पर्यायाचा प्रश्न उभा राहिला. मोठे कालवे त्यांनी खणले नव्हते, परंतु ते बुजविण्याचा भार मात्र त्यांच्यावर पडला. २०२० पासून जुन्या योजनाक्षेत्राच्या काही भागांत शासनाने पुन्हा धान्योत्पादनाचा कार्यक्रम हाती घेतला, यावरून अन्नाची गरज व जमिनीची मर्यादा यांतील ताण अद्याप सुटलेला नाही, हे उघड होते.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात अशा विस्तीर्ण पीटभूमी नाहीत. तथापि हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. भारत हा पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे आणि सुमात्रा व कालीमंतानमधील निचरा केलेल्या काही पीटभूमींवर पामच्या बागा उभ्या आहेत. सर्वच पामतेल अशा जमिनीवरचे नसते. परंतु त्यातील काही भागाच्या किमतीत जमिनीने गमावलेल्या कार्बनचा समावेश केलेला नसतो, हे ग्राहक म्हणून आपण जाणले पाहिजे.

विकासकार्याशी संबंधित व्यक्तींना यातून आणखी एक बोध घेता येईल. जमिनीचा प्रकार न पाहता एका ठिकाणी यशस्वी झालेली सुधारणा दुसरीकडे नेणे धोक्याचे असते. घुमटाच्या मध्यभागी जाऊ नये, ही मर्यादा हांदिल खणणाऱ्या शेतकऱ्यांनी पाळली होती. नकाशावर रेषा आखणाऱ्यांनी ती विचारात घेतली नाही. कालवा खणण्यास दोन-तीन वर्षे पुरली. त्याने केलेली हानी थोपविण्यास पाव शतक उलटूनही यश अपुरेच आहे, आणि जळून गेलेला अर्धा मीटर थर पुन्हा साचण्यास शेकडो वर्षे लागतील. पाणी अडविणे आणि पाणी काढून देणे या दोन्ही गोष्टी विकासाच्याच आहेत. कोणती कोठे करावयाची, हे त्या जमिनीची तपासणी करून आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना विचारून, पहिली कुदळ मारण्यापूर्वीच ठरविले पाहिजे.